अडीचशेचा आकडा कोणाच्या सोयीचा?

समजा, एक लिटर पाण्यात ट्रायहॅलोमिथेन गटातली रसायनं सगळी मिळून २०० मायक्रोग्रॅम भरली. अमेरिकेतल्या एखाद्या गावाच्या नळाला वर्षभराच्या सरासरीने असं पाणी आलं, तर तिथल्या पाणीपुरवठा यंत्रणेला ‘आम्ही नियम मोडला आहे’ असं गावकऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तिथली मर्यादा आहे ८०. युरोपीय संघाची १००, जर्मनीने स्वतःसाठी ठरवलेली ५० आणि इटलीची तर ३०. हेच पाणी ऑस्ट्रेलियातल्या गावाला आलं, तर अहवालाच्या त्या रकान्यात ‘मर्यादेत’ असा शेरा पडतो आणि पान उलटलं जातं. ऑस्ट्रेलियाच्या पिण्याच्या पाण्याच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ही मर्यादा २५० मायक्रोग्रॅमवर ठेवली आहे.

तुलना अगदी बरोबरीची नाही, हे आधीच मान्य करायला हवं. अमेरिकेचा आकडा वर्षाच्या सरासरीचा असतो, त्यामुळे तिथेही उन्हाळ्यातल्या एखाद्या नमुन्यात ८० च्या वर रसायनं सापडली तरी नियम मोडत नाही. तरीही ८० आणि २५० यांतलं अंतर मोजण्याच्या पद्धतीने भरून निघण्यासारखं नाही. ऑस्ट्रेलिया पाण्याच्या बाबतीत ढिसाळ देश म्हणून ओळखला जात नाही. मग याच एका ओळीत एवढी सैल दोरी का, आणि तिचा फायदा नेमका कोणाला होतो?

ही रसायनं कारखान्याच्या सांडपाण्यातून येत नाहीत. ती पाणी शुद्ध करतानाच तयार होतात. नदीच्या किंवा धरणाच्या पाण्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे, मातीचे, शेवाळाचे सूक्ष्म सेंद्रिय अंश विरघळलेले असतात. क्लोरीन जंतूंवर तुटून पडतं तसंच या अंशांवरही पडतं, आणि त्या झटापटीतून क्लोरोफॉर्म व त्याची भावंडं जन्माला येतात. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ब्रोमीनयुक्त भावंडं जास्त, आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत ती साधारणपणे अधिक त्रासदायक ठरली आहेत. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी हे प्रथम दाखवून दिलं. त्याच वर्षी अमेरिकी शास्त्रज्ञांनाही तेच आढळलं. त्याआधी सत्तरएक वर्षं जग क्लोरीनचं पाणी पीत होतं आणि त्यात हे काही बनत असेल अशी कोणाला शंकाही नव्हती. आज अशा उपपदार्थांची यादी सातशेच्या पुढे गेली आहे. ट्रायहॅलोमिथेन त्यातले चारच. पण ते मोजायला सोपे, आणि ते वाढले की बाकीचेही वाढले असावेत असा अंदाज बांधता येतो, म्हणून सगळं लक्ष त्यांच्यावर.

सेंद्रिय अंश, ब्रोमाइड, ऊन आणि लांबलचक पाइप या चार गोष्टी एकत्र आल्या की उपपदार्थ वाढतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात चारही आहेत. मरे नदीच्या काठाने रेड गम जातीच्या निलगिरींची रांगच रांग. पूर आला की रानातला वर्षानुवर्षांचा पाला पाण्यात भिजतो आणि नदी काळ्या चहासारखी दिसू लागते. ‘ब्लॅकवॉटर’ म्हणतात तिथे याला; २०१०-११ मध्ये झालं, २०१६ मध्ये झालं, २०२२ च्या पुरानंतर पुन्हा झालं. मासे गुदमरून मेले की त्याची बातमी होते. त्याच पाण्यावर पुढे शुद्धीकरण केंद्रात काय प्रक्रिया होते, याची सहसा होत नाही.

या नदीवरच्या मॉर्गन गावापासून स्पेन्सर आखातावरच्या वायाला शहरापर्यंत सुमारे ३६० किलोमीटरची जलवाहिनी जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वायालातल्या लोखंड आणि जहाजबांधणीच्या धंद्याला पाणी हवं होतं, म्हणून ती घाईने टाकली गेली आणि १९४४ मध्ये सुरू झाली. बराचसा पाइप जमिनीच्या वर उघड्यावर आहे. पारा चाळिशीच्या पुढे जाणाऱ्या मुलखात उन्हात पडलेल्या पोलादी पाइपातलं पाणी किती तापत असेल, हे मराठवाड्यात छपरावरच्या टाकीचा नळ दुपारी सोडून पाहिलेल्याला सांगायला नको.

या कोमट पाण्याने साठच्या दशकात एक भयंकर गोष्ट उघडकीला आणली. ॲडलेडच्या मुलांच्या रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ माल्कम फाउलर आणि त्यांचे सहकारी आर. एफ. कार्टर यांनी १९६५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मेंदूज्वराच्या एका न पाहिलेल्या प्रकाराची नोंद केली. धडधाकट मुलं डोकेदुखी आणि तापाने आजारी पडत आणि काही दिवसांत दगावत. कारण होतं कोमट गोड्या पाण्यात वाढणारा एक अमीबा. तो पोटातून बाधत नाही. पोहताना, आंघोळ करताना नाकात पाणी गेलं की तिथून थेट मेंदूत शिरतो. पुढे त्याला फाउलर यांच्याच नावावरून नेग्लेरिया फाउलेरी म्हटलं जाऊ लागलं. पोर्ट ऑगस्टा, पोर्ट पिरी, वायाला ही अशा लांब वाहिन्यांवर जगणारी गावं त्याच्या तडाख्यात सापडली.

उपाय एकच होता, वाहिनीच्या शेवटच्या नळापर्यंत जंतुनाशक टिकवणं. दर लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन राहिलं की अमीबा आटोक्यात राहतो. पण एवढ्या लांबीच्या तापलेल्या पाइपात, तेही सेंद्रिय अंशांनी भरलेल्या पाण्यात, क्लोरीन वाटेतच खर्च होतं. म्हणून वाटेत जागोजागी पुन्हा डोस द्यायचा. दर डोसागणिक ट्रायहॅलोमिथेन वाढत जाणार. मुलांचे जीव आज वाचवायचे की तीस वर्षांनंतरचा कर्करोगाचा संशय टाळायचा, असा हा पेच होता, आणि अभियंत्यांनी मुलांचे जीव निवडले. त्या वेळी कोणीही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. ऐंशीच्या दशकात दक्षिण ऑस्ट्रेलियाने या लांब वाहिन्यांवर क्लोरीनऐवजी क्लोरॅमिन वापरायला सुरुवात केली. क्लोरॅमिन म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग. मारायला सावकाश, पण टिकायला चिवट, आणि त्याने ट्रायहॅलोमिथेन फारच कमी बनतात.

आता धोक्याकडे. इथे आवाज चढवणाऱ्यांपासून आणि ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्यांपासून सारखंच सावध राहायला हवं.

ऑस्ट्रेलियातला सर्वांत बोलका पुरावा पर्थचा आहे. २००० ते २००४ या काळात त्या शहरात झालेल्या वीस हजारांहून अधिक जन्मांच्या नोंदी पाण्यातल्या ट्रायहॅलोमिथेनशी ताडून पाहिल्या गेल्या आणि २००८ मध्ये ‘एन्व्हायर्नमेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्हज’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पर्थच्या पाण्यात ब्रोमाइड भरपूर, त्यामुळे ब्रोमीनयुक्त भावंडांचा भरणा. प्रमाण जास्त असलेल्या भागांत जन्मजात दोषाची शक्यता कमी प्रमाणाच्या भागांपेक्षा २२ टक्क्यांनी, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या दोषांची ६२ टक्क्यांनी अधिक दिसली. अभ्यासाच्या मर्यादाही उघड आहेत. कोणती गरोदर बाई दिवसाला किती पाणी प्याली, किती वेळ शॉवरखाली उभी राहिली, हे मोजलेलं नव्हतं. ती कोणत्या भागात राहते एवढंच धरलं होतं. सांख्यिकीच्या भाषेत हे संबंध जेमतेम उंबरठा ओलांडणारे होते. पण ‘जास्त’ म्हणून जो गट धरला होता तो सुरू होत होता १३० मायक्रोग्रॅमपासून. ऑस्ट्रेलियाच्या मर्यादेच्या निम्म्याजवळ! ज्या पाण्याबद्दल संशोधक शंका घेत होते, ते सरकारी रकान्यात बिनधोक ‘मर्यादेत’ बसत होतं.

सिडनीत तीन लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी तपासल्या तेव्हा कमी वजनाच्या बाळांशी संबंध दिसला, पण अगदी किरकोळ. मूत्राशयाच्या कर्करोगाचा पुरावा त्याहून जुना आणि जाड आहे. २०२० मध्ये युरोपातल्या संशोधकांनी हिशेब मांडला तो असा: हा संबंध खराच कार्यकारणाचा असेल, तर युरोपीय संघातले वर्षाचे ६,५६१ मूत्राशयाचे कर्करोग, म्हणजे एकूण रुग्णांपैकी जवळजवळ पाच टक्के, ट्रायहॅलोमिथेनच्या खात्यात जातात. सायप्रस आणि माल्टा या उष्ण बेटांवर हा वाटा सर्वांत मोठा, तर ज्यांचं पाणी बहुतांश क्लोरीनशिवायच नळाला येतं त्या डेन्मार्क-नेदरलँड्समध्ये जवळपास शून्य. २०२५ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी आजवरच्या अभ्यासांची बेरीज केली. सर्वाधिक प्रमाणाच्या गटात मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका त्यांना ३३ टक्के अधिक दिसला, आणि संशयाची सुरुवात ४० मायक्रोग्रॅमच्या आसपास होत असल्याचं आढळलं. त्यांनी स्वतःच या पुराव्याला ‘मर्यादित’ म्हटलं आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्लोरोफॉर्म आणि ब्रोमोडायक्लोरोमिथेन ‘कर्करोगकारक असू शकतील’ अशा गटात ठेवले आहेत. क्लोरीनयुक्त पिण्याच्या पाण्याबद्दल मात्र निर्णय देण्याइतका पुरावा तिला मिळाला नव्हता.

थोडक्यात, एका माणसासाठी हा धोका लहान आहे. सिगारेटने मूत्राशयाला होणाऱ्या इजेपुढे तो नगण्य वाटेल. पण सिगारेट सोडता येते. नळाचं पाणी अख्खं गाव आयुष्यभर पितं, आणि नुसतं पीतच नाही. ट्रायहॅलोमिथेन वाफेवाटे उडतात, कातडीतून शिरतात, त्यामुळे बंद न्हाणीघरातला गरम शॉवर आणि घरामागचा पोहण्याचा तलाव हेही त्यांचे मार्ग आहेत. ऑस्ट्रेलियात दोन्हींची रेलचेल.

हा २५० चा आकडा १९९० च्या दशकातला आहे. जनावरांवरच्या प्रयोगांत क्लोरोफॉर्मचा काय परिणाम होतो, त्यावरून सुरक्षिततेची फट ठेवून तो काढला गेला. त्यानंतर माणसांवरचे अभ्यास आले, ब्रोमीनयुक्त भावंडांची माहिती आली, पण आकडा तिथेच बसून आहे. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत असंही लिहिलं आहे की ट्रायहॅलोमिथेन कमी करण्याचे प्रयत्न करावेत, मात्र निर्जंतुकीकरणाला धक्का लावू नये. वाक्य बिनतोड आहे. अडचण एवढीच, की ‘करावेत’ला कोणी विचारत नाही आणि २५० ला सगळे विचारतात. शिवाय राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेची ही तत्त्वं स्वतः कायदा नाहीत. प्रत्येक राज्य ती आपल्या कायद्यात किंवा परवान्यांत आपापल्या पद्धतीने घेतं.

मेलबर्नला या सैल दोरीची गरज नाही. त्या शहराचं पुष्कळसं पाणी माणसांना प्रवेश नसलेल्या राखीव जंगलांतून येतं. कॅनबेराचं पाणलोट क्षेत्र २००३ च्या वणव्यात जळलं, तर माउंट स्ट्रोमलोचा नवा शुद्धीकरण प्रकल्प २००४ मध्ये उभा राहिला. राजधानी आहे, पैसा आहे, मंत्री तेच पाणी पितात. २०१९-२० च्या वणव्यांनंतर सिडनीच्या वॉरागाम्बा धरणात राख आणि जळका गाळ वाहून येऊ नये म्हणून जलाशयावर तरंगते पडदे ताणले गेले. सिडनीचं बहुतेक पाणी तिथूनच येतं. राखेबरोबर येणारे सेंद्रिय अंश थेट ट्रायहॅलोमिथेनचा कच्चा माल आहेत. वणवे आणि पूर आता आलटून पालटून येऊ लागले आहेत, तेव्हा हा कच्चा माल कमी होण्याची चिन्हं नाहीत. मोठी शहरं त्याला तोंड देतील. अडचण आहे ती हजार-पाचशे वस्तीच्या गावांची, जिथे एक लहानशी टाकी, क्लोरीनचा एक पंप आणि पाणी बघायला अर्धवेळ कर्मचारी असतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हजाराहून कमी वस्तीची अशी ९९ ठिकाणं मोजली, जिथे २०१८-१९ मध्ये किमान २५,२४५ लोकांना आरोग्याच्या निकषांत न बसणारं पाणी मिळालं. त्यांत दूरच्या आदिवासी वस्त्यांचा वाटा मोठा. या मोजणीत युरेनियम, नायट्रेट, जंतू असं सगळंच धरलेलं आहे. आणि ट्रायहॅलोमिथेन धरले असतील तर तेही २५० च्याच मापाने. माप १०० चं असतं, तर यादी कितीने लांबली असती?

२५० चा खरा उपयोग इथे कळतो. उष्ण, लांबच्या, गरीब गावांत प्रक्रिया सुधारायला लागणारा पैसा खर्च न करण्याची सोय त्या आकड्यात आहे. विज्ञानाच्या नावाखाली हा अर्थसंकल्पाचा निर्णय आहे. तो चूक की बरोबर यावर वाद होऊ शकतो, पण तो वाद उघडपणे व्हायला हवा.

यावर ‘मग क्लोरीनच बंद करा’ म्हणणारे निघतातच. त्यांनी शेजारच्या न्यूझीलंडकडे पाहावं. हॅवलॉक नॉर्थ या टुमदार गावाला आपल्या क्लोरीन न घातलेल्या विहिरीच्या पाण्याचा अभिमान होता. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पावसाने मेंढ्यांची विष्ठा विहिरीपर्यंत पोहोचवली आणि हजारो लोक कॅम्पिलोबॅक्टरने आजारी पडले. सर्वात चढा अंदाज ८,३२० चा आहे. काहींचे जीव गेले. कॅम्पिलोबॅक्टर हे नाव पुणेकरांना २०२५ च्या जानेवारीत पाठ झालं. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिया बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघू लागले तेव्हा संशयाची सुई याच जिवाणूकडे आणि पाण्याकडे वळली. महापालिकेत नव्याने आलेल्या त्या गावांना शुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी मिळत नव्हतं. विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून सोडलं जात होतं. गाळण न करता नुसतं क्लोरीन ओतलं की दोन्ही बाजूंनी नुकसान. गढूळ पाण्यात जंतू दडून वाचतात आणि उपपदार्थ मात्र भरपूर बनतात. भारताच्या आयएस १०५०० मानकात क्लोरोफॉर्मला २०० आणि ब्रोमोडायक्लोरोमिथेनला ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे खरी. पण गावपातळीवर आपली तपासणी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून, उरलेलं क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी टेस्टचा पिवळा रंग पाहण्यापर्यंतच असते, आणि जिथे तोही रंग रोज पाहिला जात नाही तिथे ट्रायहॅलोमिथेनचं नाव काढणं ही चैन आहे. ऑस्ट्रेलियाला ही सबब नाही.

उत्तर क्लोरीन कमी करण्यात नाही, क्लोरीनला खायला कमी देण्यात आहे. सेंद्रिय अंश आधी काढून टाका, मग थोडं क्लोरीनही पुरतं आणि जास्त टिकतं. तुरटीची मात्रा व आम्लता नीट सांभाळणं, सक्रिय कोळशातून पाणी गाळणं हे जुने उपाय. आणि एक उपाय तर ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा आहे. सीएसआयआरओ ही राष्ट्रीय विज्ञान संस्था, ओरिका कंपनी आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचं पाणी खातं यांनी मिळून चुंबकीय कणांची एक राळ विकसित केली. ‘मायएक्स’ या नावाची ही राळ पाण्यात घोळली की विरघळलेले सेंद्रिय अंश तिला चिकटतात, आणि चुंबकत्वामुळे तिचे कण एकमेकांना धरून पटकन खाली बसतात. २००१ च्या सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माउंट प्लेझंट आणि पर्थजवळच्या वानेरू इथे ती प्रत्यक्ष वापरात आली आणि पुढे परदेशातही गेली. ज्या देशाने ट्रायहॅलोमिथेन घटवण्याचं तंत्र निर्यात केलं, त्यानेच एवढी सैल मर्यादा स्वतःजवळ ठेवावी, याला काय म्हणायचं?

क्लोरॅमिनही सरसकट तारणहार नाही. त्यातून एनडीएमए नावाचं, फार सूक्ष्म मात्रेतही नकोसं असणारं रसायन बनू शकतं. अमोनियावर जगणारे जिवाणू पाइपात वाढून जंतुनाशकच संपवून टाकतात. डायलिसिसच्या यंत्रात पाणी जाण्याआधी क्लोरॅमिन गाळून काढावंच लागतं. आणि २००० मध्ये अमेरिकेच्या राजधानीने क्लोरीन सोडून क्लोरॅमिन धरलं, तर जुन्या पाइपांतलं शिसं सुटून नळाला आलं. म्हणून फक्त रसायन बदलून आकडा खाली आणणाऱ्या यंत्रणेचं कौतुक करण्याआधी बाकीचे आकडेही मागून घ्यावेत.

आकडा बदलता येतो, हे पीएफएएस या ‘न संपणाऱ्या’ रसायनांनी दाखवून दिलं. २०२४ मध्ये सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये ती सापडली, मेडलो धरण पुरवठ्यातून काढलं गेलं, संसदेत प्रश्न झाले; आणि २०२५ च्या जूनमध्ये त्याच परिषदेने त्यांतल्या पीएफओएसची मर्यादा लिटरला ८ नॅनोग्रॅमवर आणली. त्या प्रकरणात बोट दाखवायला कंपन्या होत्या, विमानतळांवरचा अग्निशमनाचा फेस होता. ट्रायहॅलोमिथेनला खलनायक नाही. ते बनतात ते लोकांचं भलं करताना, म्हणून त्यांच्यावर मोर्चा निघत नाही.

परिषदेने २५० वरून १०० वर यायला पाच-सात वर्षांची मुदत ठरवावी आणि केंद्र सरकारने लहान गावांच्या प्रक्रियेसाठी वेगळा निधी द्यावा. निधीशिवाय नुसता आकडा घटवला तर गरीब गावं क्लोरीनच्या मात्रेत काटकसर करतील आणि अमीबाला वाट मोकळी होईल. तोवर निदान प्रत्येक पुरवठा विभागाचं दर तिमाहीचं प्रमाण, सरासरीत न बुडवता, लोकांना कळेल असं जाहीर व्हावं. प्रादेशिक व्हिसावर ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात जाणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आणि खाण अभियंत्यांत आता मराठी घरंही आहेत. त्यांनी ॲडलेडच्या किंवा पर्थच्या आकड्यांवर विसंबू नये, आपल्या पिनकोडचा आकडा पाणी कंपनीकडे मागावा. घरात गरोदर बाई असेल तर सक्रिय कोळशाचा साधा गाळणीचा जग आणि न्हाणीघराची उघडी खिडकी एवढं तरी करावं. त्या गाळणीतली कोळशाची नळी मात्र सांगितलेल्या मुदतीत बदलावी लागते. एकदा ती भरली की पाणी आत जातं तसंच बाहेर येतं.